तोंड शिवलेली पिशवी

कार्बन पेपर आता कुणी वापरतं का हो? आमच्या हुबळीत एक माणूस वापरतो. कोप्पीकर रोडवरच्या एका जुन्या स्टेशनरीवाल्यानं त्या एका गिऱ्हाइकासाठी डझनभर पुडकी राखून ठेवलीत. ते गिऱ्हाईक म्हणजे आमचे प्रेमानंद सर. कादंबरीकार, निवृत्त प्राध्यापक, आणीबाणीतले राजबंदी, अकरा पुस्तकांचे धनी, आणि दर रविवारी सकाळी आमच्या बुद्धविहाराच्या माडीवर भरणाऱ्या लेखनवर्गाचे सर्वेसर्वा. या वर्गाचा पहिला धडा काय, तर कागदाखाली कार्बन घालायचा. पोरं हातात मोबाईल घेऊन बसलेली असतात, एक बोट लावलं की शंभर प्रती. पण नाही.

सर घसा खाकरून सांगणार, "पंचाहत्तर साली पोलिसांनी माझ्या पहिल्या कादंबरीची वही उचलून नेली. ती परत मिळाली नाही. तेव्हापासून मी दोन प्रतींशिवाय एक ओळ लिहीत नाही. लेखकाची एक प्रत त्याच्या घरी असावी, आणि दुसरी अशा माणसाकडे, जो मेला तरी ती उघडणार नाही."

हे ऐकून पोरांच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्या कपाळाला आठी पडते. कारण तो मेला तरी न उघडणारा माणूस म्हणजे माझा बाप.

मी पिंकी. हसू नका, पंचेचाळिशीतल्या बाईचं नाव पिंकी असू शकतं, अप्पांनी हौसेनं ठेवलंय. कोप्पीकर रोडवर माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका आणि सरांच्या कादंबऱ्या टाईप करते. तिन्हींत कल्पनाशक्ती सारखीच लागते. अप्पा म्हणजे कमरीपेठेतले भरमा टेलर, घराच्या पुढच्याच खोलीत दुकान. वय पंचाहत्तर, नजर अजून सुईच्या नाकातून जाते, आणि तोंडात कायम दोनच शब्द, "होगली बिडु." जाऊ दे, सोड. गिऱ्हाइकानं वायदा मोडला, होगली बिडु. जावयानं फोन केला नाही, होगली बिडु. या दोन शब्दांनी माझ्या बापाचं अख्खं आयुष्य गिळलं, असं माझं मत आहे.

सर नवीन पुस्तक लिहून झालं की कार्बनच्या प्रतींचा गठ्ठा अप्पांकडे आणून देतात. अप्पा मांजरपाटाची पिशवी शिवतात, गठ्ठा आत घालतात आणि पिशवीचं तोंड बारीक टाक्यांनी शिवून टाकतात. मग ती कापायच्या टेबलाखालच्या ट्रंकेत. "ठेव घ्यायची तर तोंड शिवून घ्यावी," असं अप्पा म्हणतात, "उघडी राहिली की हात जातो." आमच्या गल्लीतल्या जुन्या टेलरांची ही रीतच होती, बायका आपले दागिने, कागदपत्रं अशीच शिवून ठेवायला द्यायच्या. पुस्तकं अकरा, पण ट्रंकेत पिशव्या बारा. सगळ्यांत खाली एक अगदी चपटी, पिवळी पडलेली. लहानपणी मी विचारलं, तर अप्पा म्हणाले, "तू अभ्यास कर."

आता सरांचा इतिहास ऐका. आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही तो पाठ आहे, आणि पाठ का आहे तेही सांगते.

पंचाहत्तरच्या ऑगस्टमध्ये आणीबाणीविरुद्ध एक पत्रक निघालं. ते वाटताना गल्लीतल्या दोन पोरांना पोलिसांनी धरलं: बी.ए. झालेला प्रेमानंद आणि टेलरकाम शिकणारा भरमा. मिसा कायद्याखाली दोघंही एकाच बराकीत. अप्पा सत्त्याहत्तरच्या जानेवारीत सुटून आले. प्रेमानंद मात्र मार्चमध्ये, आणीबाणी उठल्यावर उगवला, दाढी वाढवून. गल्लीनं त्याला खांद्यावर घेतलं. आणि मग गल्लीनं डोकं चालवलं. आमच्या गल्लीनं डोकं चालवलं की देवच वाचवो, आणि देवावर तर आमचा विश्वास नाही. दोघं एकत्र आत गेले, भरमा दोन महिने आधी कसा आला? म्हणजे भरमानं माफीनामा लिहून दिला!

पहिल्यांदा ही नुसती कुजबूज होती. एकोणनव्वदला सरांची 'नाकारलेली सही' आली आणि कुजबुजीला पुठ्ठ्याची बांधणी मिळाली. कादंबरीतला नायक वाकत नाही. त्याचा मित्र मात्र सही करून सुटतो. मित्र काय काम करतो? टेलर. सरांची कल्पनाशक्ती अफाट, पण त्या दिवशी तिला दुसरा धंदा सुचला नाही. पुस्तकाला बक्षीस मिळालं, बी.ए.ला लागलं. कॉलेजात मी तेच पुस्तक अभ्यासलंय बरं का. "टेलरच्या पात्रातून दिसणारी मानवी दुर्बलता," दहा गुणांचा प्रश्न. मी साडेआठ मिळवले.

माझी आई लक्कव्वा. नळावर तिच्या मागं बायका म्हणायच्या, माफीवाल्याची बायको. ती घागर भरून घरी यायची आणि अप्पांना म्हणायची, "एकदा तोंड उघडा हो, काय ते खरं सांगा." अप्पा म्हणायचे, "होगली बिडु." आई गेली तेव्हाही तिला खरं माहीत नव्हतं. हे मी अप्पांना अजून माफ केलेलं नाही.

मलाही माहीत नव्हतं. मीही मनातून धरून चालले होते की माझ्या बापानं सही केली. केली तर केली, विशीतलं पोर, त्यात काय एवढं, अशी मी माझीच समजूत घालायची. आणि प्रेमानंदकाकांना, माफ करा, सरांना (वर्गात नाव घातल्यावर त्यांनी मला 'काका' म्हणायची बंदी केली), मी फार मानायची. शिकवायचेच तसे. त्यांच्याकडे एक लाल पेन्सिल आहे. प्रत्येकाला लिहायला सांगतात, ज्या गोष्टीची तुम्हाला सगळ्यांत जास्त लाज वाटते ती लिहा. धारवाडच्या वकिलाच्या घरची वेदश्री म्हणून मुलगी येते. तिनं लिहिलं, आमच्या घरी मोलकरणीचा कप वेगळा असायचा, आजीचे विचार जुने होते. सरांनी खाली लाल पेन्सिलीनं लिहिलं, 'अजून खोटं आहे.' तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. चौथ्या वेळी तिनं लिहिलं की तो कप चुकून मी उचलला तेव्हा मीच साबणानं हात धुतले, आजीनं नव्हे. सरांनी पान परत दिलं, पेन्सिल न लावता. पोरगी वर्गात ढसाढसा रडली. असा हा माणूस. लोका सांगे ब्रह्मज्ञान, हे तेव्हा आम्हाला कुठं ठाऊक?

तर गेल्या वर्षी आणीबाणीला पन्नास वर्षं झाली आणि आमच्या गल्लीला पुन्हा डोकं चालवायची हुक्की आली. गौरव समिती निघाली. सेक्रेटरी लोकेश, तारिहाळच्या एका कारखान्यात सुपरवायझर, अंगात भारी उत्साह. ठरलं असं, की विहाराच्या अंगणात काळ्या ग्रॅनाइटचा फलक लावायचा आणि त्यावर हुबळी-धारवाडातून तुरुंगात गेलेल्या आपल्या लोकांची नावं कोरायची. नावं सहा. पहिलं प्रेमानंद सरांचं. मी यादी टाईप करायला घेतली आणि शेवटपर्यंत बघितली. भरमा नाही.

"लोकेश, अप्पांचं नाव राहिलं बघ."

"राहिलं नाही अक्का, समितीनं विचार करून वगळलं." तो खुर्चीत अवघडला. "माफी मागितलेल्यांची नावं नकोत असं ठरलंय."

"मागितली म्हणून पुरावा काय?"

तर त्या शहाण्यानं पिशवीतून 'नाकारलेली सही' काढली. खुणेला बसचं तिकीट घातलेलं. "पान एकशे बारा," म्हणाला.

अय्यो! कादंबरीचं पान पुरावा म्हणून दाखल करणारी समिती उभ्या जगात आमचीच असणार. मी लोकेशला जे बोलले ते छापण्यासारखं नाही, आणि मी छापखान्याच्या धंद्यातली बाई आहे.

घरी येऊन अप्पांसमोर उभी राहिले. "अप्पा, एकदाच विचारते. सही केली होती?"

अप्पांनी मशीन थांबवलं. "नाही."

चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं मी ते. "मग सांगत का नाही कुणाला? दोन महिने आधी कसे आलात?"

"निवडणुका लागल्या, सोडलं, आलो," अप्पा म्हणाले आणि पुन्हा मशीन चालू केलं.

मी सरांकडे गेले. म्हटलं, सर, तुम्ही एक वाक्य बोला, समिती ऐकेल. ती कादंबरी आहे, साक्ष नव्हे, एवढंच सांगा. सर चष्मा पुसत बसले. म्हणाले, "पिंकी, वाचक पुस्तकाचं काय करतो यावर लेखकाचा ताबा नसतो." बघा, केवढं मोठं वाक्य! टाळ्या पडतील असं. मी चप्पल घातली आणि आले.

त्याच दिवसांत सरांचं आत्मचरित्र माझ्याकडे टाईपला होतं. तुरुंगाचं प्रकरण आलं, नववं. डोक्यात राग होता, तरी धंदा तो धंदा. एका संध्याकाळी अप्पा भाकरी खात होते आणि मी टाईप करण्याआधी एकदा म्हणून ते मोठ्यानं वाचत होते. "बराकीत आम्ही दोन दिवाळ्या काढल्या. प्रत्येक दिवाळीला माणशी अर्धा लाडू मिळे. मी आणि भरमा एकच लाडू दोघांत वाटून घेत असू."

अप्पांना हसू फुटलं. "अर्धा कुठला? दोन्ही वर्षी अख्खा लाडू मीच खाल्ला की. तो होता कुठं?"

एवढं बोलले आणि जीभ चावली.

मी पानं खाली ठेवली. "कुठं होता अप्पा तो?"

हळूहळू निघालं मग. प्रेमानंदानं दीड महिन्यातच माफीनामा लिहून दिला होता. तीन प्रतींत, कार्बन घालून. एक तुरुंगाला, एक वर सरकारला, एक स्वतःला. सुटला, पण गल्लीत तोंड कसं दाखवणार? सोलापूरला मामाकडे जाऊन राहिला, दीड वर्ष. आणीबाणी उठल्यावर दाढी वाढवून परतला. त्याच्या आईला ठाऊक होतं, ती ऐंशी साली गेली. आला त्याच आठवड्यात भर दुपारी तो अप्पांच्या दुकानी आला आणि आपल्या वाट्याची प्रत पुढं केली. म्हणाला, "भरम्या, ही तुझ्याजवळ ठेव. मी कधी शेफारलो तर माझ्या तोंडावर मार." अप्पांनी ती न वाचता पिशवीत घातली आणि तोंड शिवलं. तीच ती चपटी. म्हणजे पोलिसांनी उचललेली कादंबरीची वही वगैरे सगळी लोणकढी थाप. आमच्या थोर लेखकानं कार्बन घालून लिहिलेली पहिली साहित्यकृती म्हणजे माफीनामा.

"आणि तो एवढा शेफारला, तुमच्यावर पुस्तक लिहिलं, तरी मारली नाही तोंडावर?" मी ओरडलेच. "आई मेली हो त्या बोलण्यांनी!"

अप्पांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाले, "गल्लीत शिवणारे पन्नास होते गं. लिहिणारा एकच होता. त्याची नोकरी गेली असती. आणि ठेव आहे ती. त्यानं मागितल्याशिवाय कशी काढायची?"

असल्या माणसाचं काय करावं? मला रडूही येत होतं आणि ताट उचलून फेकावंसंही वाटत होतं. ट्रंक हाताशी होती. कात्रीही. पण शिवलेलं तोंड माझ्यानं उसवलं नाही; शेवटी मुलगी टेलरचीच.

दुसऱ्या दिवशी मी एक काम केलं. सरांच्या नवव्या प्रकरणाखाली, लाल पेन्सिलीनं, त्यांच्याच वळणात लिहिलं, 'अजून खोटं आहे.' शेजारी लिहिलं, 'लाडू अख्खा होता.' आणि टाईप न करता गठ्ठा घरी पोचवला.

चार दिवस सरांचा पत्ता नाही. रविवारचा वर्ग बंद. पोरं म्हणाली, सरांना ताप आहे. मी म्हटलं, असेल, जुना ताप आहे.

फलकाच्या समारंभाला विहाराचं अंगण भरलं होतं. सहा नावं कोरलेली, त्यात सोनेरी रंग भरलेला. अप्पा इस्त्रीचा शर्ट आणि काळा कोट घालून तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी. मी म्हटलं होतं, जायचं नाही. ते म्हणाले, आपल्या लोकांचा कार्यक्रम आहे. सर बोलायला उभे राहिले.  कागद नव्हता हातात, पहिल्यांदाच.

"माफीनाम्यावर सही मी केली होती," सर म्हणाले. "भरमानं नाही. तो सतरा महिने आत राहिला. मी दीड महिना."

मी अप्पांचा दंड धरला.  आणि तेवढ्यात लोकेशनं, बुद्धीचा सागर तो, माईक हिसकावून घेतला. आवाज भरून आलेला. "बघा! बघा मंडळी, याला म्हणतात मोठेपणा! मित्राचा कलंक स्वतःच्या अंगावर घेतला! कादंबरीतला नायकही जो त्याग करायला धजावला नसता, तो सरांनी इथं केला!"

कडकडून टाळ्या. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. वर्गातली पोरं उभी राहून मोबाईलवर टिपायला लागली. सर "नाही, नाही, ऐका" म्हणत होते, आणि ते जितकं नाही म्हणत तितक्या टाळ्या वाढत. आयुष्यभर खोटं लिहिलं ते लोकांनी खरं मानलं, एकदा खरं बोलले तर त्याची कादंबरी झाली. मला हसावं की रडावं कळेना. अप्पांचं नाव कायमचं गेलं, एवढं मात्र कळलं.

सर मंचावरून खाली उतरले. तिसऱ्या रांगेपर्यंत आले आणि अप्पांसमोर उभे राहिले. "भरम्या," म्हणाले, "माझी ठेव दे."

अप्पांनी कोटाच्या आतल्या खिशातून ती चपटी पिशवी काढली. बरोबर घेऊन आले होते! आणि मला पत्ता नाही. दुसऱ्या खिशातून छोटी कात्री काढली, एकेक टाका नीट कापला, घाई न करता, आणि आतला कागद न बघता सरांच्या हातात दिला.

सरांनी तिथंच उभं राहून वाचला. कन्नडमध्ये होता, आमच्या गल्लीत कन्नड कुणाला शिकवायला लागत नाही. आपण वाट चुकलो, पुन्हा राजकारणात पडणार नाही, सरकारची क्षमा मागतो, खाली सही, तारीख. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. लोकेशच्या हातातला माईक खाली गेला. सर थांबले. मग शेवटची ओळ वाचली, आणि ती वाचताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की पुढच्या रांगा मागं वळल्या.

"पत्रक मी लिहिलेले नसून भरमा याने तयार केले व मला भरीस घातले."

पत्रक सरांनी लिहिलं होतं. अप्पांना तेव्हा धड लिहितासुद्धा येत नव्हतं. सतरा महिने का ठेवलं आपल्याला, हे माझ्या बापाला पन्नास वर्षांनी, भर सभेत, स्वतः जपलेल्या ठेवीतून कळलं.

कुणी टाळी वाजवली नाही. मी अप्पांकडे बघितलं. वाटलं, आता म्हणतील, होगली बिडु. मी वाट बघत राहिले. ते म्हणाले नाहीत. कात्री खिशात घातली, रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली, आणि उठून घरी चालू लागले.

पुढं समितीनं अप्पांचं नाव घ्यायचं ठरवलं. पण फलक तर कोरून झालेला. मग सहा कोरलेल्या नावांखाली सातवं पेंटरकडून रंगवून घेतलं. सही करणाऱ्याचं नाव दगडात आणि न करणाऱ्याचं रंगात, आमच्या समितीचा न्याय हा असा. सर म्हणाले, माझं नाव छिन्नीनं काढा. लोकेश म्हणाला, दगड फुटेल.

सरांनी नववं प्रकरण पुन्हा लिहिलं. चार पानं. मी तपासलं, लाल पेन्सिल लावली नाही, टाईप करून दिलं. कार्बनची प्रत घेऊन ते अप्पांकडे आले, तर अप्पांनी हात पुढं केला नाही. "आता तुझं तू सांभाळ," एवढंच. त्यानंतर सर रोज दुपारी दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे. अप्पा मशीन चालवायचे. पाच महिने एक शब्द नाही. मी म्हटलं, अप्पा, आता तरी. तर माझ्याकडे असं बघितलं की मी उठून माझ्या दुकानी गेले.

यंदाच्या पावसानं सातव्या नावाचा रंग उडाला. 'भरमा'तला 'भ' तेवढा उरला. मी पेंटरला फोन करणार होते, पण सकाळी विहारात गेले तर सर आधीच तिथं. हातात रंगाचा लहान डबा, बारीक ब्रश. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, फलकासमोर स्टुलावर वाकून बसलेला. कार्बन घालून हजारो पानं लिहिलेला हात, आणि दोन अक्षरं जमत नाहीत. माझ्या मागोमाग अप्पा आले.  अप्पा फलकाजवळ गेले, वाकून बघितलं, चष्मा वर करून पुन्हा बघितलं.

"पन्नास वर्षं लागली रे तुला एक पान लिहायला," अप्पा म्हणाले.

सरांनी मान वर केली नाही. ब्रश हातात तसाच. गालावरून पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. "भरम्या," एवढंच म्हणाले.

आता तरी म्हणतील, मला वाटलं. ते दोन शब्द, जन्मभर मला ज्यांचा राग आला, ते ऐकायला मी त्या क्षणी काहीही दिलं असतं.

अप्पांनी सरांच्या हातातला डबा घेऊन ब्रशाजवळ धरला.

"अजून एक हात मार," म्हणाले. "पावसात पुन्हा जाईल."